पेशीतलं घड्याळ

रक्त तपासणीच्या रांगेत मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या बाकावर सासू-सून होत्या. सासूबाईंच्या डोक्याला रुमाल, कोपरात कापसाचा बोळा.

“आई, सकाळी टोचून घेतलंत, दुपारी घेतलंत. आता पुन्हा कशाला?”

“अगं, प्रत्येक पेशीत म्हणे घड्याळ असतं. ते चालवणारी जनुकं कधी जागी होतात, कधी मंदावतात, ते इथले डॉक्टर अभ्यासासाठी बघतायत. माझ्या रक्ताच्या कॅन्सरनं ते बिघडलंय का, हे एकदाच रक्त घेऊन कसं कळणार?”

“कळून तुम्हाला काय फायदा? उपचार बदलणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या.”

“माझे नाही बदलणार. पुढे कुणाला तरी औषध कोणत्या वेळी द्यावं, हे तर समजेल.”

“हातावर जागा उरली नाही हो!”

“दुसरा काय शोभेला ठेवलाय?”

“तुम्ही ना…”

“ताडून बघायला त्यांना निरोगी माणसांचंही रक्त हवंय. कुणी मिळत नाही.”

“मग मला का नाही विचारलंत?”

“तुला? बाळंतपणात सुई बघून नर्सला चावलीस तू!”

“ओरखडलं फक्त. माझं चालेल त्यांना?”

“न चालायला काय झालं? पण उन्हं डोक्यावर आल्यावर उठतेस. तुझं घड्याळ बघून त्यांनाच चक्कर यायची.”

“चेष्टा पुरे. हात घट्ट धरा माझा.”

दार उघडलं. “पुढचं कोण?”

“आम्ही दोघी. आधी माझं नाव लिहा, नाहीतर यांचं होईपर्यंत मी पळून जाईन.”