मुऱ्हाळी यायच्या आधी

रंजना : पेटी परत का उघडली? गुडघ्यानं दाबून आत्ता कुठं बंद केली होती मी.

लोटू : साड्या काढून ठेव. उद्या जायचं नाही.

रंजना : माय वं! उद्या सकाळच्या पॅसेंजरनं दादा मुऱ्हाळी येतोय, मला न्यायला. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं ना?

लोटू : तुझ्या दादाला, कुंदनला, मी सांगतो.

रंजना : काय सांगता? आधी मला तर सांगा! पंधरा दिवस झाले बघून राहिले मी. तुमी ओट्यावर झोपता. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, ताट घासता पण तुमीच. मला काय कळत नाही? कोण आहे ती?

लोटू : कोणी नाही.

रंजना : आई म्हणलीच होती, सुरतेत माणसं बिघडतात.

लोटू : रंजना… माझ्या रक्तात कावीळ निघाली.

(रंजना पेटीवरच बसते. पलीकडच्या कारखान्यात लूमची खडखड चालूच.)

रंजना : कावीळ? डोळे तर पांढरे स्वच्छ आहेत.

लोटू : ही पाण्यातून होते ती नाही. रक्तातली. बी म्हणतात. वरून काही दिसत नाही. आमच्या कारखान्यातल्या राघोचा हात लूममध्ये गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी रक्त दिलं ना? माझी बाटली वापरलीच नाही त्यांनी. चिठ्ठी पाठवून बोलावलं.

रंजना : अन् पंधरा दिवस पोटात ठेवलं तुमी?

लोटू : लाज वाटली. भीती पण.

रंजना : मंग तर गावाला चलाच. धुडकूबाबाची माळ घालू. डोक्यावरची माळ पोटापर्यंत उतरते, तशी कावीळ पण उतरते.

लोटू : दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणल्या, काड्या सुकल्या की माळ सैल होते, म्हणून लांबते. जंतू आहे तिथंच राहतो.

रंजना : आली कुठून पण? खरं सांगा. बाईकडून पण येते का?

लोटू : येते. त्यांनी पण विचारलं. आईशप्पथ, तसलं काही नाही. मग म्हणल्या, सुया? ताप आला की आमचा गल्लीतला डॉक्टर एकाच सुईनं सगळ्यांना टोचायचा. मग म्हणल्या, दाढी कशी करायचा? तिथं मी कपाळाला हात लावला.

रंजना : का?

लोटू : लग्नाआधी खोलीत आम्ही सात जण. दर रविवारी एकच ब्लेड. कापलं तर तुरटी फिरवायची अन् पुढच्याला द्यायचं. प्लेगच्या साली सगळे पळाले, तेव्हा खोली सुटली. नक्की कशानं लागली, ते डॉक्टरला पण सांगता येत नाही.

रंजना : अन् बाळ?

लोटू : म्हणून तर थांबवतोय तुला. आधी तुझं रक्त तपासायचं. नसेल तर तुला लस, तीनदा. असेल तर बाळाला लागू शकते. जन्मल्या दिवशीच टोचलं, तर बहुतेक करून वाचतं. तुझ्या माहेरी दाई आहे, लस कुठं आहे? थंड ठेवावी लागते ती. तिथं लाईट टिकते का?

रंजना : ताट वेगळं घेता, त्यानं पण लागते?

लोटू : नाही म्हणल्या. सोबत जेवून काही होत नाही. पण मलाच धीर होईना.

रंजना : मला वाटलं, नकोशी झाले मी तुमाला. किती रडले माहीत आहे?

लोटू : चुकलं माझं.

रंजना : बरं, दादाला काय सांगणार?

लोटू : डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणलं, एवढंच. खरं नको. गावात एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. म्हणेल, कुठं दिली मी बहीण! खोलीत सोबत राहूनच तर मला पसंत केलं त्यानं.

रंजना : थांबा. दादा पण त्याच खोलीत होता.

लोटू : होता.

रंजना : रविवारी पण?

लोटू : माझ्यानंतर त्याचाच नंबर असायचा.

रंजना : अहो, सुंदरा वहिनीला पाचवा महिना लागलाय!

लोटू : …हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंधरा दिवस नुसता माझाच विचार केला मी.

रंजना : मंग आता लपवायचं नाही. मी बसते तुमच्या बाजूला.

लोटू : स्टेशनावरच सांगतो.

रंजना : नको. घरी आणा त्याला. चहा पिऊ द्या, मंग सांगा.