टोकाची गाठ

हाडांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक झाडं छाटणारा पाय लांब करून बसला होता. शेजारी त्याची बायको.

"उतरल्यावर दोर ओढायच्या आधी टोकाची गाठ सोडायची, म्हणून दिवसभर सगळ्यांवर खेकसता ना?"

"त्यांच्या गाठी बघता बघता माझीच राहिली. ओढला, तर वर बेचक्यात अडकून बसला."

"मग?"

"तो खेचायला दुसरा दोर फेकला. दोन्ही एकमेकांत गुंतले."

"अहो, शिडीवाल्याला बोलवायचं!"

"तो हसला असता गं. तसाच चढलो, बिनदोराचा."

"कपाळ माझं! म्हणजे दोन्ही दोर अजून वरच?"

"हो."

"मग एवढं करून खाली आलं तरी काय?"

"मी."