नऊ चकत्या आणि आत्याचा अंगठा

– नाही नाही, बसा हो तपासनीस साहेब, पासचा शिक्का काय, मारालच – आधी ऐकून तर घ्या. आठ महिन्यांत दोनशे पंप जोडले, त्यातले अडकले किती? एकही नाही. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत, हसा तुम्ही खुशाल. ड्रॉइंग कुणाचं? माझं. आयुष्यातलं पहिलं. पेशंटच्या उशाशी राहून थेंब थेंब औषध सोडणारा पंप हा, तो मधेच अडकून चालेल? नाही चालणार. म्हणून तर महिनाभर नुसती आकडेमोड केली – आत नऊ चकत्या, दांड्यावर एकावर एक ओवलेल्या, वर झाकण. प्रत्येक चकती केसभर जाड नाहीतर केसभर बारीक निघाली तरी पास, एवढी सूट मी दिलीय. आमचे मोठे साहेब म्हणाले, आणि नऊच्या नऊ जाड निघाल्या तर? मी म्हटलं, निघतील कशा? चार जाड निघतील, पाच बारीक निघतील, बेरजेत फिटंफाट. सगळ्यांनी एकाच बाजूला चुकायचं ठरवून घेतलंय की काय? केली सही त्यांनी.

आणि जुळणी कोण करतं? ती खिडकीपाशी चहाला बसलीय ना, चष्मा कपाळावर – माझी आत्या. सख्खी. मला इथे चिकटवलं तिनंच – हे सांगायला नको होतं, पण आज सगळं माफ. महिनाअखेर निवृत्त होतेय. हात असा चालतो तिचा, बघत राहावं. फक्त एक खूळ आहे – सांगू? चकती घेतली की अंगठ्यानं चाचपते आणि दोन वाट्यांत वेगवेगळी टाकते. जोडताना एक या वाटीतली, एक त्या वाटीतली. अख्खं खातं हसतं तिला. मी विचारलं तर म्हणे, हाताला सवय गं. त्या वाट्यांना कुणाला हात लावू देत नाही, अंगात ताप असला तरी कामावर येते. आता चकत्यांचा माल दोन साच्यांतून येतो आमचा, रंगात उन्नीस-बीस असेल, तिला तेवढंच – काय? एकाच वाटीतल्या नऊ घेऊन जोडू? जोडा की. तपासून पास झालेल्या आहेत सगळ्या, कुठल्याही नऊ उचला. थांबा, वाट्या इथेच ठेवून गेलीय ती, मीच ओवून देते. सात, आठ, नऊ. झाकण. आवळा बोल्ट. आता दांडा फिरवा हातानं.

फिरवा ना. – द्या इकडे, मी बघते – बोल्ट जास्त आवळला असेल – नाही. नाही फिरत. चकत्यांची चळत उंच झालीय, झाकण दाबतंय.

दुसऱ्या वाटीतल्या घेऊन बघू – नको. कळलं मला. एक साचा जाडच काढतो, एक बारीकच. आठ महिने, साहेब. आठ महिने ती माझी चूक अंगठ्यानं निस्तरतेय, कुणाजवळ अवाक्षर न काढता, आणि तिला हसणाऱ्यांत मीही होते. लाज वाटतेय मला. एक तारखेला त्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, हाताला लागतील त्या नऊ उचलेल – आणि चुकून फिरलाच तो पंप, तर कुणाच्या उशाशी जाऊन अडकेल?

शिक्का ठेवा आत. ड्रॉइंग नापास, असं लिहा. मी सांगतेय म्हणून लिहा. आणि निघा आता – ती उठून इकडेच येतेय, तिच्यादेखत नको.