माझाच गळ, माझाच ओठ

माझा जन्म टेमघरचा, शिक्षण भिवंडीचं आणि स्वभाव बाबांचा, असं आई म्हणते. त्यातलं तिसरं विधान मी तपासून पाहिलं आहे आणि ते अर्धंच खरं आहे. बाबांकडे संयम आहे, माझ्याकडे फक्त चिकाटी आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला फार उशिरा कळलं, म्हणजे काही महिन्यांपूर्वी, तानसा नदीच्या काठावर, तोंडात गळ अडकलेला असताना. पण हे असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळणार नाही. क्रमाने सांगते.

बाबांचं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेलं. आधी कारागीर होते, मग जॉबर झाले, म्हणजे लूम बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. मी लहान असताना त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे आणि परत यायचं विसरायचे. तिथे बाबांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, तुटलेला धागा अशा बारीक गाठीने जोडायचा की गाठ कापडात दिसता कामा नये. दुसरी, तोंड हा तिसरा हात आहे. लूमवरच्या माणसाला दोन हात कधीच पुरत नाहीत, म्हणून धाग्याचं टोक दातात धरायचं, धोट्याच्या भोकातून सूत ओठांनी ओढून घ्यायचं, आणि हे सगळं इतकं सवयीचं की करताना आपण करतोय हे कळतही नाही. पुढे मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, तिथे पहिला नियम असा की तोंडाजवळ काहीही न्यायचं नाही, आणि तो नियम मी नव्या मुलींना फार कडक आवाजात शिकवते. घरी मात्र सुईत दोरा ओवायचा असला तरी टोक आधी दातात. आई म्हणायची, शिकली एवढी, पन बापाची खोड न्हाय गेली.

रविवारी लूम बंद असला की बाबा मला घेऊन एस.टी.ने वज्रेश्वरीच्या बाजूला जायचे. लोक त्या गाडीतून देवीला आणि गरम कुंडांवर जायचे, आम्ही अलीकडे उतरून नदीवर. काठी नाही, चाक नाही. धोट्यात सुताची जी लाकडी कांडी बसते, तसल्या जुन्या कांडीवर बाबांनी नायलॉनचा तंगूस गुंडाळलेला, त्याच्या टोकाला गळ, गळाला गांडूळ. भिरकावायचा आणि बसायचं. दादाला बसणं जमायचं नाही, तो दहा मिनिटांत पाण्यात दगड मारायला लागायचा, म्हणून त्याचं नाव आपोआप गळलं आणि बाबांच्या शेजारचा सपाट दगड माझा झाला. सात वर्षांची होते तेव्हापासून. आमच्यात फार बोलणं व्हायचं नाही. मासे मला कमीच लागायचे, चिलापी वगैरे, एखादी शिंगाळी, पण बाबा कधी काही म्हणाले नाहीत, आणि मला वाटायचं की मासेमारीत कौतुक करायची पद्धतच नसते.

पद्धत असते. दादा वडप्याला गोदामात सुपरवायझर आहे, दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं, आणि सारिका वहिनी घरात आली. तिचं माहेर तानसाच्याच काठचं. लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाबा म्हणाले, चल गं तूपण, माहेरचं पानी बघून येशील. ती आली, गांडूळ लावलं, गळ टाकला, आणि काय सांगू तुम्हाला, मी माझा तंगूस सोडवून होईपर्यंत तिने बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढी मरळ काठावर आणून आपटली. बाबांनी ती मरळ उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, हात हाय पोरीला. तीन शब्द. मी त्यांच्या शेजारी जवळजवळ अठरा वर्षं बसले होते, आणि हे तीन शब्द त्यांच्याकडे आहेत हेच मला माहीत नव्हतं.

मला मत्सर वाटला. हे मी सरळ सांगते, कारण शब्द बदलून वस्तू बदलत नाही. ती बाबांना बाबा म्हणायची, आमच्याकडे आता मामंजी वगैरे कोणी म्हणत नाही, तरी मला वाटायचं की हिने दुसरा एखादा शब्द शोधावा. पण माझं शिक्षण असं की नुसतं वाटून भागत नाही. मी नोंदी ठेवायला लागले. वही नदीवर न्यायचे. किती वाजता गळ टाकला, कुठे टाकला, आमिष काय, पाणी गढूळ की स्वच्छ, मासा कोणाला. माझा तर्क असा होता की ती बसते तिथे डोह आहे, म्हणजे श्रेय जागेचं. म्हणून एका रविवारी मी पोट दुखतंय म्हणून सावलीची जागा मागितली, म्हणजे तिचीच. ती माझ्या जागी गेली आणि तिथे तिला मासे लागले. मग आमिष बदललं, तिच्या डब्यातलं मी घेतलं, माझं तिला दिलं. तिला लागले. बाबा विचारायचे, काय लिवतेस गं एवढं, आणि मी म्हणायचे, पाण्याचं तापमान. दोन महिन्यांत एकेक घटक बाजूला काढत गेले आणि शेवटी एकच घटक उरला, तो म्हणजे वहिनी. वही मी बंद केली. ते मान्य केलं असं मात्र नाही.

मग माझी पीएच.डी.च्या जागेसाठी मुलाखत ठरली, हैदराबादच्या एका संस्थेत, आणि मी रविवारी विहाराच्या अभ्यासिकेत बसायला लागले. चार रविवार नदीवर गेले नाही. पाचव्या रविवारी संध्याकाळी घरी आले तर मोरीजवळ वहिनी मासे साफ करत होती, बाजूला बाबांची ती जुनी कांडी पडलेली, तंगूस नव्याने गुंडाळलेला, आणि मी उचलायला गेले तर आई म्हणाली, असू दे ती, बाबांनी सारिकाला दिली. मी विचारलं, कायमची? आई म्हणाली, कांडीच हाय, सोनं न्हाय. तिला सोनं दिलं असतं तर मला चाललं असतं.

त्याच आठवड्यात मी एक रॉड मागवला आणि सोबत तो ल्युअर, म्हणजे नकली मासा, निळ्या पाठीचा, आत खुळखुळ वाजणारी गोळी, पोटाखाली तीन तीन टोकांचे दोन गळ. व्हिडिओ बघून सगळं शिकून घेतलं. मनगट कसं फिरवायचं, दोरी किती वेगाने ओढायची. मुलाखत बुधवारी होती. तुम्ही म्हणाल, बुधवारी मुलाखत असताना रविवारी नदीवर कशाला? मीही आज तेच म्हणते. पण तेव्हा मला वाटत होतं की हैदराबादला निवड झाली तर मी जाणार, आणि जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, वहिनीच्या देखत बाबांनी ते तीन शब्द मला म्हणायला हवेत. नाहीतर मी गेल्यावर तिथे माझं काय राहिलं? एक रिकामा दगड, आणि तोही रिकामा नाही.

बाबांनी ल्युअर हातात घेऊन हलवून पाहिला. खेळन्यासारखा वाजतोय, म्हणाले. वहिनी म्हणाली, ताई, हा मासा तर बाजारातल्यापेक्षा देखना हाय, ह्यालाच कालवनात टाकू. ती हसली, बाबा हसले, आणि मी हसले नाही. दगडावर बसले, रॉड गुडघ्यात धरला, तंगूस ल्युअरच्या नाकातल्या कडीतून घेतला आणि लूमवरची गाठ मारायला लागले. बाबा म्हणाले, प्रज्ञे, ती गाठ सुताची हाय, नायलॉनला सरकंल. मी म्हणाले, घट्ट आवळली की नाही सरकत. आणि आवळायला काय केलं? तंगूस डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं गाठीवर, आणि सुटं टोक दातात. तिसरा हात. म्हणजे तो निळा मासा त्याच्या सहा टोकांसकट माझ्या हनुवटीखाली लोंबत होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात वहिनी ओरडली, बाबा, लागला! लय मोठा हाय, बाबा, या ना! आणि बाबा माझ्या शेजारून उठले.

मी मान वळवली. एवढंच केलं. ते कसे धावत गेले ते बघायला मान वळवली, गुडघे सैल झाले, रॉड उतारावरून पाण्याकडे घसरला, तंगूस ताणला गेला आणि खालच्या ओठात काहीतरी गरम शिरलं. आधी दुखलं नाही. मी खाली पाहिलं तर माझ्या तोंडाला निळा मासा लोंबत होता, आणि रॉड मला पाण्याकडे ओढत होता. मी हात वर नेला, उपटून काढायला, आणि तो हात कोणीतरी मनगटात पकडला.

वहिनी होती. मला पाहताच तिने हातातली कांडी टाकून दिली होती. अक्षरशः टाकली, मोठा मासा लागलेली, बाबांनी दिलेली कांडी, दगडावर तिचा एक टप्पा पडलेला मी ऐकला आणि मग पाण्याचा आवाज. मासा कांडीसकट गेला. तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, हात लावायचा न्हाय, ताई, उलटा काटा हाय, ओढलात तर ओठ फाटंल. बाबांनी खिशातली सूत कापायची कैची काढून तंगूस कापला. त्याआधी कैची दोनदा चुकली. लूमच्या पट्ट्यात हात गेलेली माणसं त्यांनी सोडवली आहेत, तेव्हा एकदाही चुकली नव्हती म्हणे.

रिक्षा मिळाली. बाबा पुढे ड्रायव्हरला खेटून, आम्ही दोघी मागे. त्या रस्त्याला खड्डे किती ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक धक्क्याला ल्युअर हलायचा आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून वहिनीने तो दोन बोटांत धरून ठेवला, तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मागचा दुसरा गळ तिच्याच बोटाला टोचत होता, मला दिसत होतं, रक्ताचा थेंब आला तरी तिने पकड सोडली नाही. पुढे बाबा ड्रायव्हरला सांगत होते, भैया, जरा आस्ते, मेरी लडकी का बुधवार को इंटरव्ह्यू है, बहुत बडी जगह है, वो पानी की डॉक्टर बनेगी, मुँह संभालना पडेगा. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, चाचा, मुँह में तो मछली है. बाबा म्हणाले, है तो है, तू रास्ता देख.

आणि वहिनी हळू आवाजात म्हणाली, ऐकलंत? लग्न होऊन आल्यापास्नं हेच ऐकतेय मी. प्रज्ञाने हे केलं, प्रज्ञाने ते केलं. भाकरी करपली तरी प्रज्ञा लहानपनी कशी करायची ते सांगतात. नदीवर नुसते आम्ही दोघंच असलो तरी तेच. मला वाटायचं, मासे तरी माझे असू देत, तर तुम्ही वही घेऊन आलात. मी म्हणाले, अं. ती म्हणाली, माझं नाव वाचलंय मी त्या वहीत, बारावी झाल्ये, वाचता येतं मला. आता तुम्हाला बोलता येत न्हाय, म्हनून बोलून घेते, राग मानू नका. खड्डा आला. तिने ल्युअर घट्ट धरला.

दवाखान्यातले डॉक्टर आधी पाच मिनिटं हसले, मग ओठ बधिर करून त्यांनी टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, काटा पकडीने तोडला आणि गळ मागे ओढून घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन मला दिलं, वहिनीचं बोट पाहून तिलाही दिलं. बुधवारी मी सुजलेल्या ओठाने मुलाखतीला बसले, प आणि म नीट उच्चारता येत नव्हते, आणि समितीतल्या बाईंनी विचारलं, हे काय झालं, तर मी ठरवून ठेवलेलं खोटं उत्तर बाजूला ठेवून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे प्रयोग करणाऱ्यानेच नमुना व्हायचं ठरवलं. निवड झाली. पुढच्या महिन्यात जायचं आहे.

आता तुम्हाला वाटत असेल की त्या दिवसापासून माझा मत्सर संपला. तसं सांगितलं तर बरं दिसेल, पण ते निरीक्षणाशी जुळत नाही. उलट वाढला आहे, फक्त त्याचं कारण बदललं. मासा कोणालाही लागू शकतो. पण हातात मोठा मासा असताना कांडी टाकून देणं, मी टाकली असती का, हा प्रश्न मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारला आणि उत्तर मला आवडलेलं नाही. शिवाय तो गेलेला मासा दर आठवड्याला वाढतो आहे. बाबा म्हणतात रोहू होता, वहिनी म्हणते मरळ होती, परवा पाहुण्यांना सांगताना तिने दोन्ही हात पसरले ते फ्रिजला लागले. मी म्हणाले, वहिनी, तानसात एवढा मासा नसतो. ती म्हणाली, ताई, तुमच्या वहीत नसंल.

बाबांनी ते तीन शब्द मला अजून म्हटलेले नाहीत. आता म्हणणार नाहीत, आणि खोटे म्हणावेत असं मलाही वाटत नाही. मला हात नाही, हे दोन महिन्यांच्या नोंदींतून मीच सिद्ध केलं आहे. माझं कौतुक रिक्षावाल्यांना ऐकायला मिळतं, तेवढं माझ्यासाठी पुरेसं असावं. असावं, असं म्हणते आहे. आहे असं नाही.

आज रविवार आहे. सकाळीच ते दोघं गेले. मला विचारलं होतं, मी म्हणाले, सामान बांधायचं आहे, आणि खरंच बांधायचं आहे, पण सकाळपासून मी तुमच्याशी बोलत बसले आहे आणि जिन्यात पाऊल वाजलं की माझं लक्ष दाराकडे जातं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. वहिनीला भरपूर मासे मिळोत. मनापासून म्हणते. बाबांच्या शेजारी ती पुष्कळ वर्षं बसो, त्यांना उन्हात आठवणीने पाणी प्यायला लावो, परतीच्या एस.टी.त खिडकीची जागा देवो. फक्त मी हैदराबादला गेल्यावर. तोवर, आजचा धरून उरलेले चार रविवार, दोघंही रिकाम्या हाताने घरी आले तर माझी काही हरकत नाही.