टक्क आवाज येईपर्यंत

धाकटी: थांबा, थांबा. ती तापलेली सोल्डरगन आधी खाली ठेवा. महिन्याभरात हा चौथा जॅक आहे. चौथा!

दुरुस्तीवाले: तिसरा, ताई. पहिल्या वेळी नुसती वायर तुटली होती.

धाकटी: म्हणजे मोजून आहात! काल काय झालं ते सांगितलं का माझ्या बहिणीने?

मोठी: सांगितलंय मी.

धाकटी: तू सांगितलं असशील, ‘जरा निसटला’. मी सांगते. तिसरं गाणं. त्यात बेस गिटारवर हिचा एकटीचा तुकडा, बाकी सगळे हात बांधून उभे. समोर अडीचशे माणसं. अकॉर्डियनवाले काका रंगात येऊन एक पाऊल मागे सरकले, पाय केबलवर पडला आणि तिच्या टोकाचा जॅक स्पीकरमधून सुटून जमिनीवर. ही वाजवतेय, बोटं नाचताहेत, आवाज शून्य! पुढच्या रांगेतल्या बाईंनी स्वतःच्या कानात बोट घालून बघितलं.

मोठी: ते मला माहीत नव्हतं.

धाकटी: मी मुद्दाम सांगितलं नाही. तर आज पाच वाजता पुन्हा तोच कार्यक्रम, तेच गाणं. आणि बँडवाल्यांनी बजावलंय, आज आवाज गेला तर तो तुकडा कायमचा गिटारवाल्याकडे. आठ महिने घासलाय हिने तो. एक्स-रे विभागातून निवृत्त झाली, आणि दुसऱ्या आठवड्यात बेस आणि हे एवढं स्पीकरचं धूड घरी घेऊन आली. शेजाऱ्यांना वाटलं फ्रीज आणला.

दुरुस्तीवाले: आज नाही जाणार आवाज. मी चांगल्यातला जॅक लावतो, जाड स्प्रिंगचा.

धाकटी: गेल्या वेळी कुठला लावला होता? वाईटातला?

दुरुस्तीवाले: तोही चांगलाच होता. म्हणजे... जॅक हा प्रकारच असा आहे ना ताई, की तो नुसता आत सरकतो. ओढला की येतो बाहेर.

धाकटी: मी घरातली एक केबल आणलीय जादाची. ही बघा. बेसमधून अॅम्प्लिफायरला जाते तीच. दोन्हीकडे जॅक. अॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये ही चालेल?

दुरुस्तीवाले: नाही नाही नाही! ती लावू नका. लावली नाहीत ना कधी?

मोठी: नाही हो. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत.

दुरुस्तीवाले: हां. बाहेरून सारखीच दिसते, पण आतली तार केसासारखी असते. बेसमधून अॅम्पला जातो तो नाजूक सिग्नल, त्याला ती पुरते. अॅम्पमधून स्पीकरला जाते ती ताकद. त्याला जाड दोन तारा लागतात. नाहीतर केबल तापते, अॅम्पही जायचा.

धाकटी: बरं. मला यातलं काही कळत नाही, मी गाडी चालवायला शिकवते. पण शिकवताना माझी नजर सगळीकडे असते. या स्पीकरच्या पाठीला दोन भोकं आहेत. एकात तुमचा जॅक जातो. हे दुसरं मोठं, गोल, कशासाठी?

दुरुस्तीवाले: ते... ते दुसऱ्या प्रकारच्या कनेक्टरसाठी.

धाकटी: कुठल्या?

दुरुस्तीवाले: स्पीकॉन म्हणतात. आत घालायचा आणि थोडा फिरवायचा. टक्क आवाज आला की लॉक.

धाकटी: आणि मग ओढला तर?

दुरुस्तीवाले: नाही येत.

धाकटी: पाय पडला तर?

दुरुस्तीवाले: स्पीकर ओढत नेलात तरी नाही येत, ताई. शिवाय चालू असताना जॅक निघाला की त्याचं टोक घासून शॉर्ट होऊ शकतो. यात तीही भीती नाही. धातूचा भाग सगळा आत असतो.

धाकटी: तुमच्याकडे आहे का तसला?

दुरुस्तीवाले: आहे. डबाभर आहेत.

धाकटी: डबाभर! मग महिनाभर हे जॅक जॅक काय चाललंय?

दुरुस्तीवाले: त्याचं काय आहे, यांच्या अॅम्पला नुसतं जॅकचंच सॉकेट आहे, त्यामुळे...

धाकटी: एका टोकाला जॅक आणि दुसऱ्या टोकाला हा लॉकवाला, अशी केबल करता येत नाही?

दुरुस्तीवाले: येते.

धाकटी: आणि अॅम्प तर स्टेजवर हिच्या पायाशी असतो, तिथे कुणी फिरकत नाही. म्हणजे पंधरा मिनिटांचं काम!

दुरुस्तीवाले: दहा.

धाकटी: दहा मिनिटांचं काम. बरं, मला आणखी एक सांगा. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि तुम्ही मला ‘या ताई’ म्हणालात. बरोबर?

दुरुस्तीवाले: हो, ताई.

धाकटी: हिला जग ताई म्हणतं. मी म्हणते. अख्खं हॉस्पिटल म्हणायचं. आमच्या इमारतीतले सत्तरीचे आजोबा म्हणतात. तुम्ही अर्धा तास झाला, हिला एकदाही ताई म्हणाला नाहीत. ‘तुम्ही’, ‘यांच्या’, ‘यांना’. का हो?

मोठी: अगं, पुरे.

धाकटी: पुरे कसं? मी आरशात बघून सांगते मागच्या गाडीवाल्याच्या मनात काय आहे. बोला.

(दुरुस्तीवाले स्क्रूचा डबा उघडतात, बंद करतात, पुन्हा उघडतात.)

दुरुस्तीवाले: चूक झाली माझी. कामात अशी लबाडी मी कधी केली नव्हती. पहिल्या दिवशीच लॉकवाला द्यायला हवा होता. पण तो एकदा बसवला की दहा वर्षं बघावं लागत नाही. म्हणजे तुम्ही दहा वर्षांनी आला असतात.

धाकटी: अरे देवा.

दुरुस्तीवाले: लोक वस्तू टेकवतात आणि ‘कधी मिळेल’ विचारून जातात. तुम्ही स्टूल ओढून बसलात. सोल्डर का चमकली पाहिजे ते विचारलंत. तुटलेला टाका उजेडात धरून म्हणालात, ‘हे अगदी मनगटाच्या फ्रॅक्चरसारखं दिसतंय.’ तुम्ही गेल्यावर मी दोन दिवस सगळ्यांना मनगट, कोपर असंच सांगत होतो. पण त्यापायी तुमचं गाणं गेलं. त्याची माफी मागतो. कसली मागायची तेही समजत नाही.

धाकटी: ताई, तू काहीतरी बोल. ताई? तू हसतेयस?

मोठी: नाही गं.

धाकटी: हसतेयस! खांदे हलताहेत तुझे!

मोठी: अगं, स्पीकरबरोबर पुस्तिका येते ना. तिसऱ्या पानावर चित्र आहे. गोल भोक, गोल कनेक्टर, बाण काढून दाखवलंय फिरवायचा कसा. पहिल्याच दिवशी वाचलं होतं मी.

धाकटी: मग विचारलं का नाहीस यांना?

मोठी: विचारलं असतं तर त्यांनी बसवला असता.

दुरुस्तीवाले: काय?

धाकटी: अहो, ती सोल्डरगन कशाला उचललीत! शर्टाला लागेल! बाजूला ठेवा ती! ...ताई, तू काल हॉलच्या मागे रडत होतीस. मी आज सकाळचे दोन विद्यार्थी रद्द करून तुला इथे आणलं!

मोठी: रडले ते खरं आहे. गाणं हवं होतं मला. हेही हवं होतं. दोन्ही हवं असलं की माणूस मूर्खासारखं वागतं.

दुरुस्तीवाले: मी... मी कनेक्टर बसवू का आता?

मोठी: बसवा. लॉकवालाच. मी टॉर्च धरते.

धाकटी: आणि मी काय धरू? डोकं?

दुरुस्तीवाले: तुम्ही ते स्टूल घ्या ना, ताई. हे बघा, यात वायर डकवायची नाही, स्क्रूने आवळायची. ही लाल. ही काळी. टॉर्च जरा डावीकडे.

मोठी: अशी?

दुरुस्तीवाले: अशी. छान. म्हणजे, प्रकाश छान पडतोय.

धाकटी: मी ऐकतेय हं सगळं.

दुरुस्तीवाले: झालं. आता तुम्ही बसवा. घाला. थोडं उजवीकडे फिरवा.

मोठी: टक्क झालं!

धाकटी: ओढून बघ. जोरात ओढ. वा! स्पीकर हलला, हा नाही हलला. वाजव!

मोठी: वाजवतेय.

धाकटी: वाजवतेयस? मला काही ऐकू येत नाही.

मोठी: मलाही नाही.

दुरुस्तीवाले: असं कसं होईल? अॅम्प चालू आहे, आवाज वर आहे... थांबा, उघडतो. अरेरे. आत चार स्क्रू असतात. एक नंबरची जोडी आणि दोन नंबरची. स्पीकर एकवर असतो. मी तारा दोनमध्ये आवळल्या.

धाकटी: किती वर्षं झाली म्हणालात दुकानाला?

दुरुस्तीवाले: एकवीस. असं पहिल्यांदाच झालं.

मोठी: स्क्रू-ड्रायव्हर द्या इकडे. तुम्ही टॉर्च धरा. लाल एकच्या अधिकला, काळी एकच्या उण्याला. बरोबर?

दुरुस्तीवाले: अगदी बरोबर. अजून अर्धा फेरा आवळा. बस.

मोठी: घातला. फिरवला. टक्क.

धाकटी: वाजव गं लवकर, मला धीर नाही. ...अगं बाई! पोटात आला आवाज! कपाटाची काच थरथरतेय! समोरचा शिंपी दारात आला बघ कात्री घेऊन!

दुरुस्तीवाले: हाच का तो तुकडा?

मोठी: हाच. अजून पुढे आहे.

धाकटी: पुढचं पाचला. आता निघायचं. मी जाऊन डिकी उघडते, मागची सीट पाडते. आणि हो, त्याला मला वेळ लागणार आहे.

मोठी: सीट पाडायला किती वेळ लागतो?

धाकटी: दहा मिनिटं. आपल्या घरात कामं कशी रेंगाळवतात ते मला आजच कळलंय. निघाले मी.

मोठी: गेली. रागावू नका तिच्यावर.

दुरुस्तीवाले: रागावतो कसला. त्या आल्या नसत्या तर मी चौथा जॅक लावला असता.

मोठी: तिसरा.

दुरुस्तीवाले: तिसरा. ...तुम्ही स्पीकरची ती बाजू धरा. मी उलटा चालतो, पायऱ्या मला पाठ आहेत.

मोठी: धरली. जड आहे हो फार.

दुरुस्तीवाले: मग मध्ये टेकवत जाऊ.