ओढ्यातलं इंजन

हसू नका रे! इंजन बंद पडलं म्हणून दात काढायचे नाहीत. महादू पेटवेल परत. आणि मगाशी त्या ऊसतोड्यांच्या पोराला काय हाक मारलीत, तेही ऐकलंय मी. त्याचं नंतर बघू. सरका इकडं चुलवाणाच्या उबेला. काकवी चाटा आणि ऐका.

या गुऱ्हाळामागनं खाली जातो ना, तो ओढा. पलीकडं बोरवाडी. गाडीरस्त्यानं दोन कोस, ओढ्यातनं पाऊण. तरी आपल्या गावचा सर्जेराव तीस वर्षांत ओढ्यातनं गेला नव्हता. दिवसासुद्धा नाही!

त्या रात्री त्याच्या धाकट्याला तापात झटके यायला लागले. बायको म्हणाली, "बोरवाडीच्या डॉक्टरला आना. ओढ्यातनं जावा, वळसा घालू नगा!" सर्जेराव दारात घुटमळला. पोरानं डोळे फिरवले, तशी त्यानं फटफटीला किक मारली.

अवसेची रात्र. ओढ्यात उतरला आणि ऐकू आलं. फट्. गप्प. फट्... फट्. गप्प. विहिरीवरचं जुनं इंजन हँडल मारूनही धरत नाही ना, तसं. तुम्ही म्हणाल, असेल कुणाचं. अरे, त्या ओढ्यात विहीरच नाही, तर इंजन कुठनं येणार?

त्यानं गाडी दामटली. तर फटफटीच बंद! किक मार, किक मार. पेटेना. मागं कुणीतरी हँडल फिरवतंय, कर्र कर्र. आणि पोरं हसतायत. चार-पाच पोरं, खदाखदा. सर्जेरावचा पाय किकवरच थांबला. कारण त्यातलं एक हसणं त्याचं स्वतःचं होतं. लहानपणचं.

थांबा, आधीचं सांगतो. चौथीत त्याच्या वर्गात एक पोरगं होतं. बोलताना अडखळायचं. गुरुजी हजेरी घ्यायचे, नाव आलं की उभं राहायचं. "ह... ह... ह..." हजर काही बाहेर पडायचं नाही. पुढचा नंबर सर्जेरावचा. हा हवेत हँडल फिरवायचा. "हाना हँडल!" सगळा वर्ग हसून लोळायचा. पोराचं नाव पडलं इंजन्या. मग गावानंही तेच उचललं. वाणी म्हणायचा इंजन्या, न्हावी म्हणायचा इंजन्या. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू? पोरगं बोलायचंच बंद झालं. भाकरीसुद्धा आईकडं बोटानं मागायचं. शाळेतनं घरी जाताना कुणी भेटू नये म्हणून गावातनं जायचं सोडून ओढ्यातनं जायचं.

आणि एका सांजेला तेच पोरगं पळत पळत वडाच्या पाराशी आलं. आपणहून! "सा... सा... सा..." नुसता पाय आपटत होतं. पारावर बसलेला सर्जेराव ओरडला, "आरं, इंजन नाचाय लागलं! हाना हँडल!" सगळी पोरं हँडल फिरवतायत आणि हे रडतंय. शेवटी वळलं, ओढ्यातनं घराकडं निघालं. सकाळी तिथंच सापडलं. पोटरीवर दोन दात उमटलेले. साप म्हणायचं होतं हो त्याला! एवढाच एक शब्द.

हां. तर सर्जेराव ओढ्यात. पाठीवर एक गार हात पडला. इवलासा. कानाशी आवाज आला, "मा... माझं नाव सांग. मग जा."

"इंजन्या," सर्जेराव बोलून गेला. आणि त्याची जीभच अडकली! राम म्हणावं तर "रा... रा... रा..." पाय चिखलात रुतले, गुडघ्यापर्यंत. "नाव सांग." मांडीपर्यंत. ज्याला तीस वर्षं विसरू शकला नाही, त्याचं नाव मात्र आठवेना! आणि घरी पोरगं तापानं फणफणतंय.

तेव्हा त्याला हजेरी सुचली. आपल्या आधीचा नंबर. वर्षभर रोज ऐकलेला. रडत, अडखळत म्हणायला लागला. "सो... सोळा, बंडू गणू. सतरा, द... दादू येसू. अठरा... के... के... केरबा. केरबा दौलती!"

हँडल थांबलं. हसणं थांबलं. आणि अंधारातनं आवाज आला. कुठंही न अडखळता.

"हजर."

फटफटी पहिल्या किकला पेटली. डॉक्टर वेळेवर आला, पोरगं वाचलं. पण उजाडल्यावर सर्जेराव हौसाबाईच्या दारात जाऊन बसला. केरबाची आई ती. पारावरचं सगळं तिच्यापुढं ओकला. म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाव काय घेतलंस त्याचं?"

"केरबा."

"आनखी एकदा घे." त्यानं घेतलं. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "तीस वर्सं झाली, बाबा. माझ्याबिगर कुनी घेतलं न्हाई."

म्हणून सांगतो, रात्रीचं त्या ओढ्याच्या वाटेला जायचं नाही. कितीही घाई असू दे.

आणि आता बोला. तो ऊसतोड्यांचा पोरगा, तिकडं चिपाडाच्या ढिगावर एकटा बसलाय बघा. त्याचं नाव काय? खाली काय बघताय? कुणालाच माहीत नाही? मग उठा. ही काकवी घेऊन जा आणि त्यालाच विचारा. आणि त्याचं पुरतं सांगून होईपर्यंत मधी कुणी हसायचं नाही.