लसीला आलेली सुमन

आमच्या सुमनचं सांगतो. धाकटी बहीण, बजाजनगरला कंपनीत कामाला. फुलंब्रीला घरी यायची ती फक्त कोंबडीच्या पिल्लांच्या लसीला, कारण डोळ्यात लसीचा थेंब टाकावा तर तिनंच. यंदा मी बोलावलं म्हणून रजा काढून आली, तर जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "घाई केलीत. आईकडून आलेली रोगाशी लढायची ताकद पिल्लांच्या अंगात अजून आहे. आत्ता लस दिली तर लागायची नाही. आठवडाभर थांबा."

मी ओशाळलो. "सुमे, तुझी रजा वाया गेली गं."

तिनं वहिनीकडून वेणी घालून घेतली, गरम भाकर खाल्ली, ओसरीवर लई गाढ झोपली. संध्याकाळी एसटीत चढताना म्हणाली, "दादा, पुढच्या बारीलाबी असंच लवकर बोलाव."